बारा अर्ज आणि एका बाथरूमचा ढाळ

इंदापूर,
सोमवार, २१ जुलै

तीर्थस्वरूप तात्यांना,

तुमचा पुतण्या गेणू याचा साष्टांग नमस्कार. (डावा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे आठांपैकी एक अंग सध्या नमस्काराला हजर नाही. ते वैद्यकीय रजेवर आहे असं समजून उरलेल्या सातांचा गोड मानून घ्यावा.)

तुमची प्रकृती ठीक असेल. मोतीबिंदू काढल्यापासून पेपरातल्या निविदा सूचना तुम्ही चष्म्याशिवाय वाचता, असं तुमच्या विशालने कळवलं. त्यानेच असंही कळवलं की नाशकातल्या त्यांच्या सोसायटीत पाणी पुरेना तेव्हा तुम्ही टाकीचा व्हॉल्व्ह स्वतःच्या ताब्यात घेतलात, चौथा मजला म्हणजे टेलचा, कालव्याच्या शेवटच्या टोकाचा भाग असं ठरवून आधी वरच्यांना आणि मग खालच्यांना अशी पाळी लावलीत, आणि तळमजल्यावरच्या बाई भांडायला आल्या तेव्हा त्यांना 'लेखी द्या' म्हणालात. पाटबंधारे खात्यातून ओव्हरशिअर म्हणून निवृत्त होऊन तुम्हाला एकोणीस वर्षं झाली, पण खातं काही तुमच्यातून निवृत्त झालेलं नाही, हे ऐकून इकडे सगळ्यांना बरं वाटलं. संजीवनीचा नमस्कार. प्रगती बारावी झाली, तिचं पुढे येईलच. काटेवाडीच्या तुमच्या घरी मागच्या आठवड्यात चक्कर मारून आलो. पत्रे शाबूत आहेत, माळ्यावरची तुमची लोखंडी ट्रंक जागेवर आहे आणि तिचं कुलूपही जागेवर आहे. (त्या ट्रंकेत तुमची उंचसखल मोजायची पितळी दुर्बीण, डंपी लेव्हल, आहे हे मला माहीत आहे. खात्याने जुनी यंत्रं लिलावात काढली तेव्हा तुम्ही ती घेतलीत, आणि मी प्राध्यापक झाल्यावर मागितली तेव्हा म्हणालात, 'ज्याला पाणी आणायचंय त्याला दीन. पाण्यावर तास घेणाऱ्याला न्हाय.' त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी विसरलोही आहे.)

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही फोनवर 'बरं हाय न्हवं? ठिवतो' याच्या पुढे जात नाही, आणि चुकून गेलात तरी शेवटी लेखीच मागता. म्हणून लेखी देतो आहे.

आधी हाताचं सांगतो, कारण तुमच्यापर्यंत ते वेगळ्या रीतीने पोचलं असणार. संजीवनीने सगळ्या नातेवाइकांना 'साइटवर पडले' असं कळवलं आहे. ती खोटं बोलत नाही. ती साइट म्हणजे आमचं बाथरूम होतं, एवढंच ती गाळते.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही घर बांधलं तेव्हा काम बावड्याच्या मुबीन गवंड्याकडे होतं हे तुम्हाला आठवत असेल. त्याने बाथरूमच्या फरशीला ढाळ काढला, जाळीकडे, जसा काढतात तसा. मी त्या दिवशी कॉलेजातून लेव्हलचं यंत्र घेऊन आलो होतो. (शेजारीपाजारी बघत होते. मीही थोडा त्यांच्याकडे बघत होतो.) यंत्र लावलं, पट्टीवरचे आकडे वाचले आणि मुबीनला सांगितलं की ढाळ उलटा झालाय, फोड. तो म्हणाला, 'सर, एक तांब्या वतून बगू का?' मी म्हणालो की शास्त्राला तांब्या लागत नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, फरशी फोडली आणि मी सांगितला तसा नवा ढाळ काढला. तात्या, आकडा कमी आला म्हणजे जागा उंच असते आणि जास्त आला म्हणजे सखल. हे मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवतो आणि ज्यांचं चुकतं त्यांना पुन्हा परीक्षेला बसवतो. त्या दिवशी मी ते उलटं वाचलं. तेव्हापासून आमच्या बाथरूममधलं पाणी जाळीला पाठ दाखवून दाराशी येऊन थांबतं, आणि संजीवनी अकरा वर्षं रोज ते वायपरने परत पाठवते. या विषयावर ती मला एका शब्दाने बोललेली नाही. वायपर मात्र ती माझ्या पीएच.डी.च्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवते. गेल्या महिन्यात त्याच पाण्यावरून घसरलो आणि मनगटाच्या वर मोडलं.

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्या कॉलेजातली सिव्हिल शाखा बंद पडायच्या बेतात आहे. तुम्ही मला १९९६ साली म्हणाला होतात, 'पाणी हाय तवर सिव्हिल हाय. धरण काय रिटायर हुत न्हाय.' मला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं, तरी मी तुमचं ऐकलं. धरण खरोखरच रिटायर झालेलं नाही, पण आता कुणाला धरणाशी देणंघेणं राहिलं नाही. कॉम्प्युटरच्या तीन तुकड्या भरतात, एआयच्या दोन भरतात, आणि त्यात जागा न मिळालेली पोरं रडतात. आमच्याकडे साठ जागा आहेत. मागच्या वर्षी सात पोरं आली, त्यातली दोन फी भरायच्या खिडकीवर चुकून आमच्या रांगेत उभी होती. काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं आमचं मोठं यंत्र वर्षभर झाकलेलं असतं. गणपतीत कॉम्प्युटरच्या पोरांनी त्याच्यावर नारळ फोडला, तेवढंच त्याला काम झालं.

जूनमध्ये प्राचार्यांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं. यंदा किमान बारा पोरांनी आमची सिव्हिल पहिल्या पसंतीला टाकली तर शाखा राहील. एक जरी कमी पडलं तर बंद. फॉर्म भरायची मुदत ३१ जुलै. वर्गखोल्या एआयला देणार आणि मला कॉलेजच्या बसगाड्यांचा प्रमुख करणार. ('रस्त्यांचा अभ्यास हाय ना सर तुमचा,' असं ते आपुलकीने म्हणाले.) मग आमच्याकडे हल्ली सगळीकडे चालतं तसंच सुरू झालं. बारावी पास झालेल्या पोरांची गावनिहाय यादी, कॉलेजचं नाव छापलेल्या पिशव्या, आणि ज्याच्या शाखेला पोरं नाहीत त्या प्राध्यापकाने दारोदार फिरायचं. कॉम्प्युटरचे प्राध्यापक पंख्याखाली बसून पोरांना नाही म्हणत असतात. मी उन्हात पोरांना हो म्हणायला निघालो. हात मोडलेला, मोटारसायकल चालवता येईना, म्हणून प्रगती तिची स्कूटी घेऊन निघाली. मी मागे, पिशव्या माझ्या मांडीवर.

मी एक भाषण तयार केलं होतं. त्यात असं होतं की घर, रस्ता, पाणी आणि गटार यांच्याशिवाय कुणाचा एक दिवस जात नाही. आपल्या आजोबांनी बांधलेले पूल आणि कालवे आता म्हातारे झालेत. माणूस म्हातारा झाला की डॉक्टरकडे जातो, पूल म्हातारा झाला तर त्याने कुणाकडे जायचं? पुढच्या तीस वर्षांत नवीन बांधणाऱ्यांपेक्षा जुनं सांभाळणारे जास्त लागतील, आणि ते शिकवलं पाहिजे. भाषण वाईट नव्हतं. पहिल्या चार दिवसांत मी ते सोळा घरांत केलं आणि सोळाही घरांनी पिशवी ठेवून घेतली. पोरगं एकानेही दिलं नाही. प्रत्येक ठिकाणी शेवटचा प्रश्न मात्र एकच असायचा. सर, तुमच्या पोरीला कुठं घातलं? मी कधी 'अजून फॉर्म भरायचाय' म्हणायचो, कधी 'तिचं तिनं ठरवायचंय' म्हणायचो, आणि एकदा तर मला खोकला आला. प्रगती शेजारीच बसलेली असायची.

पाचव्या दिवशी अंथुर्ण्यात रंगूबाईंच्या घरी गेलो. त्यांचा नातू लखन बारावी झालेला. रंगूबाईंनी भाषण पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'कांपुटरवाली पोरं सावलीत बसून पगार घेत्यात. तुमची पोरं शिकून उन्हात हुबी ऱ्हाणार. उन्हात तर आमी न शिकताच हुबं हाओत की.' मी पिशवी काढायला लागलो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, एवढं शिकलायसा तर आमच्या खालच्या वावराला पाटाचं पाणी का पोचत न्हाय ते सांगा. गेलो. भर उन्हात गळ्यात हात अडकवून दोन तास बांधावर उभा होतो. मोबाइलवर ढाळ मोजायचं अॅप असतं, त्यातून बघितलं आणि सांगितलं की उतार बरोबर आहे. रंगूबाईंनी कळशीभर पाणी पाटात ओतलं. ते दहा पावलं गेलं, विचारात पडलं आणि परत फिरलं. प्रगती मुकाट्याने लखनला घेऊन गेली, गोठ्यातली पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, आणि दोघांनी एकेक टोक धरून पाटाभर फिरवलं. मध्ये एके ठिकाणी वीतभर उंचवटा निघाला, गवताखाली झाकलेला. लखनने तो खोऱ्याने काढला आणि पाणी खाली गेलं. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना सारखं उभं राहतं हे गवंड्याच्या पोरालाही ठाऊक असतं. तिला ते कुणी शिकवलं हे मी विचारलं नाही, कारण आमच्या घराचं बांधकाम चालू असताना ती सात वर्षांची होती आणि दिवसभर मुबीनच्या मागे फिरायची.

लखनचा फॉर्म मिळाला. (आमच्याकडे कबड्डीची मॅट आहे म्हणून तो आला, हे त्याने नंतर सांगितलं. पण फॉर्म तो फॉर्म.)

त्यानंतर जे सुरू झालं ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. दुसऱ्या दिवशी काटेवाडीला भामाबाईंकडे गेलो, तर अंथुर्ण्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. भामाबाईंच्या गोठ्याची जमीन गव्हाणीकडे उतरती झालेली, गाई चोवीस तास ओल्यात उभ्या. त्यांनी सरळ विषय काढला. गोठ्याचा ढाळ बघून द्या, पुतण्याचा फॉर्म देते. प्रगतीने नळी काढली, मी खडूने खुणा केल्या. भामाबाईंनी ही गोष्ट दूध डेअरीवर सांगितली, आणि डेअरीवर सांगितलेलं तालुकाभर जातं. एक गोठा, एक प्रवेश असा दर ठरला. मी गोठे बघितले, शेततळ्याच्या कडा बघितल्या, एका शाळेच्या मोरीत डोकं घातलं, एका गृहस्थाच्या संडासाच्या टाकीत तर अर्धा उतरलो. पोरं येत गेली. त्यांपैकी एकालाही भविष्यातल्या सिव्हिल इंजिनिअरिंगशी कर्तव्य नव्हतं. एकाला घराजवळचं कॉलेज हवं होतं, एकीला पुण्याला पाठवत नव्हते, आणि एकाने तर मला विचारलं की सिव्हिलमध्ये गणित कमी असतं ना. (मी 'पुरेसं असतं' असं उत्तर दिलं.)

काटेवाडीतल्याच एका पोराने मोबाइलवर स्वतःच्या घराचा नकाशा काढून दाखवला. एआयने पाच सेकंदांत काढला होता आणि रंगीत होता. जिना फार सुरेख चढत जाऊन देवघराच्या भिंतीत संपत होता आणि संडासाला दार नव्हतं. तो म्हणाला, 'सर, आता ह्योच काढतोय तर चार वर्सं शिकायचं कशाला?' मी घसा साफ केला, पण प्रगतीने त्याला सांगितलं की सांडपाणी कुठं जाणार ते मोबाइललाच विचार. त्याने विचारलं. मोबाइलने शुद्ध मराठीत उत्तर दिलं की सांडपाण्याची योग्य ती व्यवस्था योग्य त्या ठिकाणी करण्यात येईल. म्हणजे तात्या, थेट तुमच्या खात्यासारखं. त्याचाही फॉर्म मिळाला, तो नववा. दहावा त्याच संध्याकाळी आला.

अकराव्यासाठी बावड्याला जावं लागलं. यादीत नाव होतं शबीनाचं, म्हणजे मुबीनच्या मुलीचं. मी तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी प्रगतीने न विचारता स्कूटी तिकडे वळवली. मुबीनने दारातच माझ्या प्लास्टरकडे बघितलं आणि कुठं पडला म्हणून विचारलं. मी साइटवर म्हणालो. तो म्हणाला, 'सर, बाथरूमची फरशी बदलली का न्हाय मग?' मुबीनच्या बायकोने, जमीलाभाभींनी, चहा दिला. मी भाषण सुरू केलं, पण मुबीनने हात वर केला. म्हणाला, 'ते ऱ्हाऊ द्या. एकच सांगा. चार वर्सं तुमच्याकडं शिकून ही माझ्यापरीस जादा काय शिकंल?'

या माणसाला भाषण चालणार नव्हतं. म्हणून मी त्यालाच विचारलं की छज्ज्यात तू सळई वरच्या अंगाला टाकतोस आणि तुळईत खालच्या, ते का? म्हणाला, वडलांनी सांगितलं. किती टाकतोस? लागत्यात तेवढ्या. आणि मग? तो जरा हसला आणि म्हणाला, 'मग एक जादा टाकतो. भ्यापोटी.' मी म्हणालो, मुबीन, ती जादा सळई तू भीतीने टाकतोस, आणि एखाद्या ठिकाणी दोन लागत असतात, तिथे तुला भीती वाटतच नाही. कुठे किती भ्यायचं हे मोजता येणं म्हणजे आमचं सगळं शास्त्र. बाकी सगळं तुला येतंच, आणि मला त्यातलं अर्धं येत नाही, ते तू अकरा वर्षांपूर्वी बघितलंस. हे मी ठरवून बोललो नव्हतो. मुबीनने कप खाली ठेवला. मग शबीनाला म्हणाला, 'जा. माझं भ्या मोजायला शीक.' ती लगेच आत जाऊन मार्कशीट घेऊन आली.

इथे मी उठायला हवं होतं. पण चहा संपायचा होता, आणि जमीलाभाभींनी सहज विचारलं, 'आन तुमची प्रगती बी हितंच का?' खोकला आला नाही. मी म्हणालो, 'नाही नाही, ती हुशार आहे.'

तात्या, शब्द तोंडातून बाहेर पडला की त्याला ढाळ कुठे द्यायचा हे आपल्या हातात राहत नाही. शबीनाने मार्कशीट नीट घडी करून फॉर्मसाठी आमच्या पिशवीत ठेवली, आणि मुबीनने आम्हाला रस्त्यापर्यंत सोडलं. बावड्यापासून इंदापूरपर्यंत प्रगतीने स्कूटी कुठेच थांबवली नाही. मला अशी लाज त्या दिवशी बाथरूममध्ये पालथा पडलो होतो तेव्हाही वाटली नव्हती.

असे एकूण अकरा झाले आहेत. एक बाकी आहे आणि दहा दिवस हातात आहेत. बाकी इकडे सर्व क्षेम. गुडघ्याला तेल लावत जा, आणि तळमजल्यावरच्या बाईंना आठवड्यातून एक जादा पाळी द्या. त्यांच्याकडे लहान मूल आहे असं विशाल म्हणत होता. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि तुम्हाला वर लिहिल्याप्रमाणे सात अंगांनी.

तुमचा आज्ञाधारक,
गेणू

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. प्रगतीने आज संध्याकाळी फॉर्म भरला. त्यात एकच पसंती आहे, सिव्हिल, आमचं कॉलेज. तिला चौऱ्याण्णव पर्सेंटाइल आहेत, पुण्यात कॉम्प्युटर सहज मिळतो. मी तिला म्हणालो, वेड लागलंय का? तर म्हणाली, 'पप्पा, तुमचं भाषण मी एवढ्या घरांत ऐकलं. पटलं.' म्हणजे अख्ख्या इंदापूर-बारामतीत माझ्या भाषणाने पटलेलं माणूस एकच निघालं, आणि तेही स्कूटीवर माझ्याच पुढे बसलेलं. तात्या, ती तुमचं ऐकते. तुम्ही तिला एक पत्र लिहा की या धंद्यात आता काही राहिलेलं नाही, सावलीत बसायला शीक. १९९६ साली तुम्ही मला जे तोंडी सांगितलं होतंत, ते आता तिच्यासाठी लेखी मागे घ्या. फॉर्म अजून लॉक व्हायचा आहे आणि त्याचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो. सध्या तेवढंच माझ्या हातात आहे.

ता. क. २ (२२ जुलै). तिचा फॉर्म धरला तर बारा होतात, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्याही आलं आहे. ती बारावी होऊन माझी शाखा वाचणार असेल तर शाखा बुडाली तरी चालेल. प्राचार्यांना मी काही बोललेलो नाही. कॉलेजच्या बसगाड्या चौदा आहेत, आज मोजून आलो. त्यातल्या दोन चालतात असं म्हणता येणार नाही, पण बाकीच्या बऱ्या आहेत.

ता. क. ३ (२४ जुलै). पाकीट मी एका हाताने चिकटवू शकलो नाही म्हणून प्रगतीकडे दिलं होतं. ते दोन दिवस स्कूटीच्या डिकीत होतं आणि आज तिने पुढे आणून ठेवलं. वाचलंय. रागावली नाही. एवढंच विचारलं, 'पप्पा, शबीनाला सांगितलं ते खरं होतं का खोटं? खरं असेल तर मला का नाही? आणि खोटं असेल तर तिला का?' मी म्हणालो, जेवण झाल्यावर सांगतो. जेवण झालं, ती भांडी घासून झोपायलाही गेली. मी अजून टेबलाशी बसलो आहे.

ता. क. ४ (रविवार, २७ जुलै). ता. क. १ मधील विनंती रद्द समजावी. खोडत नाही, कारण सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही, रद्द करायचं ते खाली लिहून सही करायची, हे तुम्हीच मला शिकवलं आहे. सही: गेणू.

शुक्रवारी प्रगतीला उत्तर दिलं की शबीनाला सांगितलं ते खरंच होतं, आणि बावड्याला जाऊन शबीनाची माफी मागितली. मी बरीच वाक्यं जुळवून नेली होती, पण तिने पहिल्यावरच थांबवलं आणि म्हणाली, 'ते ऱ्हाऊ द्या सर. आदी तुमचं बाथरूम नीट करू.' आज सकाळी आठला मुबीन, शबीना आणि प्रगती यांनी माझी फरशी फोडली. नळीचं एक टोक शबीनाने धरलं, एक प्रगतीने. यंत्र मी बाहेर काढलं नाही. मला त्यांनी तांब्या दिला होता आणि सांगतील तेव्हा ओतायचा होता. दुपारी दोघींनी मिळून आपापले फॉर्म लॉक केले. प्रगतीचा ओटीपी माझ्या मोबाइलवर आला, सहा आकडे मी तिला वाचून दाखवले. (सुलटे.) बारा झाले. प्राचार्यांनी अभिनंदनाचा मेसेज पाठवला, आणि खाली चुकून बसच्या डिझेलची यादीही. संजीवनीने वायपर फोटोखालून काढून मागच्या दाराला नेऊन ठेवला आहे.

एवढं झाल्यावर एकच मागणं उरतं, आणि ते माझं नाही, तिचं आहे. तिला ती डंपी लेव्हल हवी आहे. लहानपणी तुम्ही तिला तीतून दाखवलं होतंत आणि जुन्या भिंगांमुळे सगळं जग डोक्यावर उभं दिसलं म्हणून ती हसली होती, ते तिला अजून आठवतं. मी कुलूप फोडू शकलो असतो, पण तुम्ही ज्याला द्यायची म्हणाला होतात ते माणूस आता घरात आहे, तेव्हा ते रीतसर तुमच्या हातूनच व्हावं. ट्रंकेची किल्ली पोस्टाने पाठवू नका, स्वतः घेऊन या. चार दिवस राहायच्या तयारीने या. आंघोळीची काही अडचण नाही, पाणी आता जाळीकडे जातं.